फाटकापाशी दिलेलं उत्तर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या विभागीय सांख्यिकी ऑफिसचे प्रमुख माननीय विदोये चिरिच साहेब. सकाळचे पेशंट संपवून, पांढरा कोट गाडीत ठेवून थेट इथे आलेल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर दारिंका मानिच. व्यासपीठावर मधोमध बसलेल्या, आणि मधोमध बसायला अजिबात तयार नसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती श्रीमती झागोर्का रानचिच. त्यांच्या शेजारी टाय सैल करू का म्हणून बायकोला खुणेने विचारणारे रातोमीरकाका. आमच्यासाठी हा हॉल रिकामा करून दोन्ही बंब बाहेर उन्हात उभे करणारे अग्निशमन दलाचे बंधू. आणि माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

नमस्कार. मी विश्न्या. ऑफिसात सगळ्यात नवी. खरं तर एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीचा निरोप द्यायला दोन-सव्वादोन वर्षांच्या माणसाने उभं राहणं बरोबर दिसत नाही. पण काय झालं, या वर्षीचा सर्व्हे परवा संपला. तीन महिने सगळे दारोदार फिरून इतके दमलेत, की चिरिच साहेबांनी "कोण बोलणार?" विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. माझे बूट नवीन होते, म्हणून मी वर बघितलं. झालं.

साहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. साहेब, ती पुरणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. जेवण आज लवकर आहे, गाणंबजावणं थोडक्यात आहे आणि झागोर्कामावशींच्या ग्लासात नुसतं पाणी आहे. कारण उद्या सकाळी त्यांची नीश शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टरांकडे वेळ ठरली आहे. अशी वेळ मिळायला किती महिने लागतात, हे या हॉलमध्ये मी कुणाला सांगायला नको. आपण तेच तर मोजतो. आणि मावशी जाणार का? तर गेला आठवडाभर मावशींचं एकच उत्तर आहे. "बघू."

आमच्या फॉर्मवर "बघू" असा पर्याय नाही.

आता बघा, मावशी डोळे मोठे करून माझ्याकडे बघतायत. मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं, सगळं सांगू का? तुम्ही म्हणालात, "सांग, पण माझ्या तोंडावर सांग. पाठीमागे नको." तर मी तोंडावरच सांगते आहे. फॉर्मवरची उत्तरं गुप्त असतात, तसा कायदा आहे, हे मला तुम्हीच शिकवलंत. म्हणून तुमची परवानगी मी सगळ्यांसमोर परत एकदा मागून घेते. ... हो म्हणाल्या. म्हणजे "आवर लवकर" म्हणाल्या. तेच ते.

तर मी दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नोकरीला लागले. माझ्या हातात नवा टॅबलेट, डोक्यात कॉलेजातलं सगळं. मला वाटायचं, आपण आकडे गोळा करणार आणि देश सुधारणार. हसू नका, तुम्हालाही कधीतरी वाटलं असेल. पहिल्याच दिवशी मला मावशींच्या गाडीत बसवलं. त्या गाडीचा माझ्या बाजूचा दरवाजा फक्त बाहेरून उघडायचा, त्यामुळे मावशींनी सोडल्याशिवाय मला उतरता यायचं नाही. शिक्षण असं झालं माझं.

मावशींचा एकच नियम. प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही. समजावून सांगायचं नाही, मान डोलवायची नाही, "अरेरे" म्हणायचं नाही. तुमच्या "अरेरे"मुळे माणूस पुढचं उत्तर बदलतो, असं त्यांचं म्हणणं. तब्येतीचा प्रश्न त्यांना झोपेतसुद्धा पाठ आहे, आणि आपल्या सगळ्यांनाही आहे. "गेल्या बारा महिन्यांत तुम्हाला वैद्यकीय तपासणीची किंवा उपचाराची खरोखर गरज होती, पण ते मिळालं नाही, असं एकदा तरी झालं का?" हो किंवा नाही. हो असेल तर कारण. या एका प्रश्नावरून वरचे लोक ठरवतात, की या देशातल्या प्रौढ माणसांची औषधपाण्याची गरज भागते आहे की नाही.

त्या दिवशी आम्ही तोप्ली रीदला गेलो. डोंगरावरची वस्ती, अकरा घरं, एप्रिलमध्येसुद्धा सावलीत बर्फ. पहिलं घर स्तामेंकाआजींचं. एकट्या राहतात. आजींनी आम्हाला पाहिलं, आत नेलं, आणि मी टॅबलेट उघडला तर मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आधी आलुबुखारचा मुरांबा चमच्याने, मग पाणी, मग कॉफी. तोपर्यंत प्रश्न नाही. हे आपल्याकडे कुणी सांगायला लागत नाही, पण मी शहरात फ्लॅटमध्ये वाढलेली, मला घाई.

आजींनी कॉफी ओतली. आणि ओतताना त्यांनी डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावरून आत सोडलं होतं. कॉफी बोटाला लागली, की थांबायचं. गरम कॉफी. तिन्ही कपांना तसंच. चेहऱ्यावर काही नाही.

मी मावशींकडे बघितलं. मावशी कॉफीकडे बघत होत्या. मग त्यांनी प्रश्न वाचला, छापल्याप्रमाणे.

आजी म्हणाल्या, "नाही ग बाई. देवाची कृपा आहे. मला कसली गरज?"

मावशींनी "नाही" दाबलं. बाकीचे प्रश्न झाले, "पूर्ण" दाबलं, फॉर्म बंद. उठलो. आजी आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आल्या. आणि आपल्याकडची फाटकं तुम्हाला माहीत आहेत. आत दोन तास बसून जे बोलणं होत नाही, ते फाटकात उभ्याउभ्या होतं. मी बाहेर पडले, मावशी बाहेर पडल्या, आजींनी कडी हातात धरली आणि म्हणाल्या, "एवढं एक डोळ्यांचं आहे बघ. दोन वर्षं झाली, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. ऑपरेशन सांगितलंय. पण तिकडे जायचं कसं, बस मंगळवारी, डोळ्यांचा डॉक्टर बसतो सोमवारी. आणि गेले तर शेळ्या कोण बघणार? असू दे. जा तुम्ही, उशीर होईल."

गाडीत मी उसळलेच. "मावशी, आपण खोटं लिहून आलो!"

"मी विचारलं. तिने सांगितलं. मी लिहिलं. खोटं कुठे आहे यात?"

"पण त्यांना दिसत नाही!"

"ते तिने फाटकात सांगितलं. फॉर्म फाटकात भरत नाहीत."

"मग आत का नाही सांगितलं?"

मावशींनी गिअर टाकला. त्यांच्या गाडीत गिअर टाकणं म्हणजे दोन्ही हातांचं काम, त्यामुळे उत्तर उशिरा आलं. "आत तू पाहुणी होतीस, पोरी. तिचा मुरांबा खाल्लास. पाहुण्यापुढे कुणी आपलं रडगाणं गातं? तू काय मुरांबा खाऊन वर तिचे डोळेही घेऊन जाणार? फाटकाबाहेर पाय पडला, की पाहुणा उरत नाही. मग माणूस बोलतो."

"आणि 'खरोखर गरज' म्हणजे काय वाटतं त्यांना?"

"जो अजून चालतो, त्याला खरोखर गरज नसते. झोळीत घालून खाली आणला, तर होती."

मी विचारलं, "मावशी, तुम्ही एकतीस वर्षांत... म्हणजे तेव्हा एकोणतीस... असे किती 'नाही' लिहिलेत?"

मावशींनी परत दोन्ही हातांनी गिअर टाकला आणि घाट उतरायला लागल्या.  घाट बराच मोठा आहे.

नोव्हेंबरमध्ये वरून पत्र आलं. त्याची एक प्रत आपल्याकडे आली होती, माहितीसाठी. तोप्ली रीद आणि आसपासच्या चार वस्त्यांवर दर गुरुवारी डॉक्टर जात असत, ते बंद. कारण लिहिलं होतं, की या भागात न भागलेली गरज सर्व्हेनुसार शून्य आहे. खाली आपल्याच तक्त्याचा नंबर. मावशींनी ते पत्र उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून बसून परत वाचलं.

चिरिच साहेब म्हणाले, "झागोर्का, मनावर घेऊ नकोस. आपण फक्त मोजतो. ठरवणारे ते."

मावशी म्हणाल्या, "विदोये, ते शून्य माझं आहे. माझ्या बोटाने दाबलंय."

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. एवढ्या वर्षांची शिस्त, एक शब्द इकडे नाही तिकडे नाही, आणि त्या शिस्तीतूनच एक डॉक्टर गेला. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. मला वाटलं होतं, कुणी चोर असेल, कुणी आळशी असेल, म्हणून आकडे चुकत असतील. इथे तर सगळ्यात प्रामाणिक माणसाचा आकडा चुकला होता. त्याचं काय करायचं, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

पुढे काय झालं, ते साहेबांनी सांगायला हवं, पण ते स्वतःबद्दल बोलत नाहीत. मावशी त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "मुलाखत कुठे संपते?" साहेब म्हणाले, "शेवटच्या प्रश्नाला." मावशी म्हणाल्या, "कुठे लिहिलंय?" साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. दोनशे चौदा पानं. साहेबांनी दोन दिवस घेतले, पेन्सिलीने खुणा करत सगळं वाचलं. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "सुरू कुठे करायची ते आहे. काय घालायचं ते आहे. कुत्रा चावला तर काय करायचं ते आहे. मुलाखत कुठे संपते, ते कुठेच नाही."

तेव्हापासून आपल्या ऑफिसची ही पद्धत. "पूर्ण" दाबायचं नाही. उठायचं, निरोप घ्यायचा, फाटकाबाहेर यायचं, आणि तिथे उभं राहून प्रश्न परत एकदा वाचायचा. जसा छापलाय तसा. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही.

आणि मग लोक बोलायला लागले. आपण सगळ्यांनी ऐकलंय, मी परत सगळं सांगत नाही. स्वतःचा दात स्वतः पक्कडीने काढलेला माणूस. मेलेल्या नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून खाणारी बाई, दोघांचा आजार वेगळा होता तरी. एक लोहार, धडधाकट, मला म्हणाला, "कारण काय लिहितेस? भीती लिही. पण हळू बोल, आत बायको आहे." पूर्वी मावशी म्हणायच्या, संध्याकाळी पाय दुखतात. त्या वर्षी म्हणाल्या, "पाय ठीक आहेत. आता कान दुखतात."

तक्ता वर गेल्यावर वरून फोन आला. साहेबांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, माफ करा साहेब. पलीकडचा म्हणाला, "चिरिच, तुमच्याकडे साथबीथ आलीय का? हे आकडे एवढे कसे चढले?" साहेब म्हणाले, "साथ नाही. आमच्याकडे लोक पूर्वीइतकेच आजारी आहेत." 

गुरुवारचा डॉक्टर परत आला का? अर्धा आला. एक गुरुवार सोडून एक. डॉक्टर दारिंका स्वतः जातात, आणि त्या बर्फात गाडीच्या चाकांना साखळ्या लावून जातात, हे मी इथे त्यांच्यासमोर सांगते, कारण त्या कुठे सांगत नाहीत. टाळ्या नको म्हणतायत. वाजवा तरी. ... बरं. टाळ्या वाजवतानासुद्धा आपण किती दमलोय ते कळतंय.

स्तामेंकाआजींचा एक डोळा डॉक्टर दारिंकांनी गेल्या हिवाळ्यात करून आणला. दुसऱ्याची तारीख लागली आहे. या मार्चमध्ये मी आणि मावशी वर गेलो, सर्व्हेसाठी नाही, असंच. आजी दारात आल्या, एक डोळा बारीक करून त्यांनी मावशींकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा नीट बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, झागोर्का! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुझा डोळा नवा आहे, जास्त दाखवत असेल," मावशी म्हणाल्या.

"म्हातारी हो ग, कोण नाही होत? पण तुझा रंग असा का? राखेसारखा?"

मावशी हसल्या, मुरांबा खाल्ला. पण मला ते लागलं. मी रोज शेजारी बसते. माझे दोन्ही डोळे चांगले आहेत. आणि मला दिसलं नव्हतं.

मग मी बघायला लागले. आपलं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नोटीस बोर्ड आहे. मावशी रोज सकाळी तिथे थांबून नोटिसा वाचतात. आम्हाला सगळ्यांना कौतुक, केवढी ही शिस्त! एके दिवशी मी त्यांच्या मागोमाग जाऊन तो बोर्ड वाचला. आग लागल्यास काय करावे. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. एकच नोटीस. मावशी ती रोज तीन-तीन मिनिटं वाचत होत्या, कठड्याला धरून.

मी विचारलं, "मावशी, दम लागतो का?"

"मला? छे. वय आहे."

आता या वर्षीची घरांची यादी. घरं कशी निवडली जातात, ते आपल्याला माहीत आहे. यंत्र काढतं, आपल्या हातात काही नसतं. एप्रिलच्या शेवटी यादी आली, साहेबांनी वाचली, आणि एका पत्त्यावर थांबले. मावशींचाच पत्ता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. स्वतःची मुलाखत स्वतः घेता येत नाही, म्हणून ते घर मला आलं.

रविवारी दुपारी गेले. रातोमीरकाकांनी दार उघडलं, म्हणाले, "ये, ये, सरकार आलं!" मावशींनी ॲप्रन काढला आणि पाहुणी आल्यासारख्या समोर बसल्या. चेरीचा मुरांबा, पाणी, कॉफी. मी प्रश्न वाचायला लागले तर त्या मध्येच, "पोरी, श्वास कुठे घेतेस? स्वल्पविरामाला घे." मग तब्येतीचा प्रश्न आला. मी वाचला.

"नाही," मावशी म्हणाल्या.

रातोमीरकाकांनी कप खाली ठेवला. "झागोर्का—"

"तुला विचारलं का? तुझा प्रश्न वेगळा येईल. पुढचा वाच ग."

सगळे प्रश्न संपले. मी उठले. "येते, मावशी." मावशी पण उठल्या, दारापर्यंत आल्या, आणि दारातच थांबल्या. चौकटीला हात लावून.

"जा हं, सांभाळून," म्हणाल्या.

फाटक वीस पावलांवर होतं. मावशी पुढे येईनात.

मंडळी, ही बाई हजारो फाटकांत उभी राहिलेली आहे. फाटकात काय होतं, ते तिच्याइतकं कुणाला माहीत? म्हणून ती येत नव्हती.

मी एकटी गेले. फाटकाबाहेर गेले, कडी लावली आणि उभी राहिले. टॅबलेट उघडाच. ऊन होतं. शेजाऱ्यांचा कुत्रा येऊन मला हुंगून गेला. मावशी दारातून म्हणाल्या, "काय विसरलं का?"

"नाही मावशी."

"मग जा की."

"फॉर्म पूर्ण नाही झाला."

"पूर्ण दाब ना मग!"

"आपली पद्धत आहे, मावशी. बाहेर उभं राहून परत वाचायचा. तुमचीच."

मावशी आत गेल्या. दार लावून घेतलं. मी उभीच. खिडकीतून रातोमीरकाकांचा आवाज येत होता, "ती पोरगी उन्हात वाळून जाईल, मग तिला दवाखान्यात न्यावं लागेल, चालेल तुला?" मावशी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी या हॉलमध्ये सांगता आलं नसतं.

पंधरा-वीस मिनिटांनी त्या आल्या. हळू आल्या. मध्ये गुलाबाच्या झाडापाशी थांबल्या, वाळकी पानं काढल्यासारखं केलं. झाडावर वाळकी पानं नव्हती. मग फाटकाशी येऊन दोन्ही हातांनी त्यांनी वरची आडवी पट्टी धरली.

मी प्रश्न वाचला. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही.

मावशी माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "दोन हिवाळे झाले. चढाला इथे दगड ठेवल्यासारखं होतं. दारिंकाने चिठ्ठी दिली होती हृदयाच्या डॉक्टरकडे जायला. सहा महिन्यांत जायचं होतं. तेव्हा तोप्ली रीदचं सगळं चाललं होतं, सगळी गावं परत करायची होती. चिठ्ठीची मुदत संपली. दुसरी घेतली. तिचीही संपली. पत्त्यांच्या फाईलमध्ये खूण म्हणून घातलेली आहे, बघ हवी तर."

मी "हो" दाबलं. मग कारणांची यादी उघडली. यादी त्यांनाच पाठ. मी वाचायच्या आधी त्याच म्हणायला लागल्या. "परवडत नाही, हे नाही. वाट पाहण्याची यादी मोठी... आहे, पण मी यादीत गेलेच नाही. दूर आहे, नाही. भीती वाटते..." इथे त्यांनी मागे घराच्या दाराकडे बघितलं. "तेही थोडं. पण मुख्य ते नाही. आपोआप बरं होतंय का ते बघत होते, नाही. चांगला डॉक्टर माहीत नाही, हे काय, दारिंका पलीकडच्या गल्लीत राहते." यादी संपली. एकच उरलं. इतर, कृपया लिहा.

"काय लिहू, मावशी?"

त्यांनी पट्टीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. "लिही... दुसऱ्यांना विचारत होते."

मी लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "काना-मात्रा बघून घे," आणि आत गेल्या.

डॉक्टर दारिंकांनी दुसऱ्याच दिवशी तिसरी चिठ्ठी दिली आणि ओळखीने, खटपटीने, फोनवर भांडून उद्याची वेळ काढली. आपला निरोप समारंभ खरं तर उद्या होता. हॉल ठरलेला, जेवणासाठी कोकरू सांगितलेलं. मावशी म्हणाल्या, डॉक्टरची तारीख बदला, समारंभाची कशाला? चाळीस लोकांची सोय महत्त्वाची. साहेबांनी चाळीस जणांना स्वतः फोन केले. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मला ते फार आवडलं.

पण मावशी अजून "बघू"च म्हणतायत. परवा म्हणाल्या, "आता घरीच बसायचं आहे, जिने नाहीत, आपोआप बरं वाटेल." काल म्हणाल्या, "रातोमीरला जेवायला कोण घालणार?" रातोमीरकाका, तुम्ही कारखान्यात सदतीस वर्षं टायर ओतलेत, तुम्हाला एक दिवस अंडी उकडता येतील ना? ... येतील म्हणतायत. मान तर हलवली.

मावशी, मी तुमच्याबद्दल पुष्कळ मोठे शब्द लिहून आणले होते. निष्ठा, सेवा, आदर्श. कागद इथेच आहे. पण या खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे, आणि तुम्ही अशा शब्दांना "अरेरे"च्याच पंक्तीत बसवता. तुम्ही एकतीस वर्षं लोकांना विचारलंत. पहिली बरीच वर्षं चुकीच्या जागी उभं राहून विचारलंत, आणि चूक कळल्यावर, निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, दमलेल्या पायांनी परत सगळे डोंगर चढलात. नुसतं "नियमाप्रमाणे केलं" म्हणून बसला असतात, तर कुणी बोललं नसतं. मला या ऑफिसात अजून पस्तीस वर्षं काढायची आहेत. त्यातली कितीतरी तुमच्यामुळेच निभतील. पण मला तुम्ही नुसत्या आठवणीत नको आहात. तुम्ही मला फोनवर हव्या आहात, स्वल्पविरामाला श्वास घे म्हणून ओरडायला.

साहेब, दोनच मिनिटं.

मावशी, इथे फाटक नाही. व्यासपीठ आहे, आणि हे माइकवर विचारणं तुमच्या नियमात बसत नाही, तेही मला माहीत आहे. तरी विचारते. उद्या सकाळी माझ्या भावाची गाडी आहे, साहेबांनी मला सुट्टी दिली आहे, रातोमीरकाका मागे बसणार आहेत. पुढची सीट रिकामी आहे. तुम्ही येणार का?

...

मागच्या मंडळींना ऐकू आलं नसेल. मावशींनी विचारलं, "किती वाजता निघायचं?"

साडेपाचला, मावशी. उपाशीपोटी.

अध्यक्ष महाराज, डॉक्टरबाई, मंडळी, तुम्ही सगळ्यांनी दमल्याभागल्या अंगाने माझं एवढं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. हॉलसाठी अग्निशमन दलाचे आभार, आणि उन्हात तापलेल्या बंबांचेसुद्धा. बोलण्याच्या भरात कुणाच्या कानाबद्दल, गाडीबद्दल किंवा जिन्याबद्दल काही जास्त निघालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मी लहान आहे असं समजून सोडून द्या. जेवण तयार आहे. मावशी, तुम्ही सूप घ्या, ते चालतं. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय.